सालघराची भिंत

भोईवाड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं म्हणून म्हणायचं. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे एक स्टूल आणि दोन दिवे. त्या स्टुलावर माणसं बसवण्यात माझी हयात गेली. हनुवटी थोडी वर, खांदे सैल, कान दिसू देत, दात नकोत. रस्त्याने भांडत आलेली नवराबायको माझ्यासमोर मुकाट बसतात. आरशाखाली कंगवा आणि पावडरचा डबा ठेवलेला असतो. फोटो म्हटलं की माणूस आधी त्या डब्याकडे वळतो. कितीही घाईत असो, तोंडावर पांढरा हात फिरवल्याशिवाय तो काही स्टुलावर बसत नाही. पूर्वी मी चिडायचे, म्हणायचे की अहो, तुम्ही आहात तसेच बरे दिसता. कुणी ऐकलं नाही, मग मीही सांगणं सोडलं.

सोमवारी स्टुडिओ बंद असतो. दादरच्या मासळी बाजारातली माझी मावशीही सोमवारी मोकळी असते, कारण त्या दिवशी अर्धं दादर शाकाहारी होतं. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. कित्येक वर्षं मी तिच्याकडूनच मासे घेते, एवढंच नातं. वय सत्तरीच्या पुढचं, आवाज मात्र अजून तरणा. मी बोंबील मागितले की ती मांदेली देते. मी नको म्हटलं की रांगेतल्या सगळ्या कोळणींना ऐकू जाईल असं विचारते, "काय गो बाय, सासूनं जेवू नाय घातलं काय काल?" माझी सासू केव्हाच गेली, आणि हे तिला चांगलं ठाऊक आहे.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर एकदा तिने मासे साफ करता करता मान वर न करताच विचारलं, "तू फोटो काढतंस ना गो?"

"काढते की."

"मग आमच्या सालघराचा काढ. दसरा झाला का पारनार हायत."

सालघर म्हणजे काय ते मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "ये नि बघ. सांगून काय कलतंय?"

तिचा कोळीवाडा वरळीच्या अंगाला. मी जन्मले काळाचौकीला, संसार केला भोईवाड्यात, म्हणजे तिथून फार लांब नाही. पण त्या गल्ल्यांमध्ये मी कधी पाय ठेवला नव्हता. पहिल्या सोमवारी गेले ती तासाभरात परतायचं ठरवून. एका पडक्या खोलीचे दोन फोटो काढायचे, मावशीचा मान राखायचा आणि घरी येऊन कपडे भिजत घालायचे. त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते आणि कपड्यांची मला शुद्धही नव्हती.

कारण सालघरापर्यंत मी पोचलेच नाही. वाटेत बर्फघर लागलं. आता तिथे बर्फ ठेवत नाहीत, प्लास्टिकचे क्रेट ठेवतात. मावशीच्या मुलाने दार उघडलं. पन्नाशीचा गृहस्थ, स्वतःच्या होडीचा तांडेल, पण आईसमोर शाळकरी पोरासारखा उभा राहणारा. मी वाकून आत गेले आणि अंगावर काटा आला. बाहेर घामाच्या धारा, आणि आत मात्र माठाला हात लावावा तसा गारवा. भिंती दुहेरी आहेत, मधल्या पोकळीत भाताचा कोंडा ठासला आहे, असं मुलाने सांगितलं. बर्फ जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती खोली आपली थंडच. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आपलं काम संपलंय हे त्या खोलीला कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक.

पुढे होड्या वर ओढायची शेड. तिच्या तोंडाशी एक दगडी खांब आहे. वर्षानुवर्षं होडी ओढताना दोर त्याला वेढा घालून धरायचे, त्याने खांबाला चर पडले आहेत. मी हात घालून पाहिला तर मनगट आत बसलं. काथ्याचा दोर! आणि पलीकडे काळा दगड! एका ओढीने दगडाचा किती भाग जात असेल? धुळीच्या कणाएवढाही नसेल. मी त्या खांबाभोवती इतक्या वेळा फिरले की मावशी म्हणाली, "प्रदक्षिना घालतेस तं नारल तरी फोर."

मला इमारतींचे फोटो काढायची सवय नव्हती. कॅमेरा डोळ्याला लावला की तोंडून आपोआप हनुवटी वर, खांदे सैल असं निघायचं आणि मावशीचा मुलगा बिचारा सरळ उभा राहायचा. पण काही सोमवार गेले आणि मी त्या घरांना सरावले. भिंत झुकलेली असेल तर झुकलेली. दाराचा एक खांदा खाली असेल तर असू दे. माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आमच्या घरी त्यांचे लग्नातले फोटो आहेत, सत्यनारायणाचे आहेत, माथेरानला घोड्यावर बसलेलेही आहेत. ज्या खात्यात त्यांनी जन्म काढला त्याचा एकही नाही. तिथे आता काचेची इमारत आहे आणि मी तिच्यासमोरून जाताना वर बघत नाही. कोळीवाड्यात मात्र सगळं अजून उभं होतं, आणि मला बघायला मिळत होतं. मी खरंच सुखावले होते.

सालघर मी शेवटाला ठेवलं, कारण आत शिरायला जागाच नव्हती. समुद्राकडे तोंड करून असलेली लांबट, ठेंगणी खोली. वर कौलं, एक दार, एक उंचावरची खिडकी. आत नायलॉनची जाळी, थर्माकोलचे बोये, मोडकं इंजिन, आणि या सगळ्याच्या मागे दगडी चुलाणावर बसलेली एक काहील. आमच्या मंडळाच्या महाप्रसादाला एवढी काहील कधी आली नव्हती.

मावशी दारात बसून सांगू लागली. तेव्हा जाळी सुताची आणि तागाची असायची. खाऱ्या पाण्यात ती कुजायची. म्हणून पावसाळ्यात होड्या वर असल्या की कोकणातून ऐनाच्या झाडाची साल यायची. बायका ती कुटायच्या, काहिलीत दिवसभर उकळायच्या आणि त्या लाल काढ्यात पुरुष जाळी बुडवायचे. रंग चढला की जाळं टिकायचं. मावशी लग्न होऊन आली ती सरळ साल कुटायलाच बसली. हळद उतरायच्या आत हात लाल झाले, असं सांगताना ती हसली. मग नायलॉन आलं आणि काहील थंड झाली.

"वास अजून हाय बघ," ती म्हणाली. मी नाकाने ओढून पाहिलं. मला डिझेलचाच वास आला. पण ती इतक्या खात्रीने श्वास घेत होती की मी हो म्हटलं.

मग तिने मुलाला दारामागची जाळी बाजूला ओढायला लावली आणि मला उजवीकडची भिंत दाखवली.

भिंतीवर हात होते. तांबूस तपकिरी, पंजेच्या पंजे, बोटं पसरलेले. खांद्याच्या उंचीला, एकाशेजारी एक, काही स्पष्ट, काही धुरकटलेले. मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी हौसेने काढलेत. पण ते हात काढलेले नव्हते, ठेवलेले होते. या वाडीची रीत अशी की शेवटचं जाळं काहिलीतून निघालं की दर्यावर जाणारा प्रत्येक पुरुष रंगलेला उजवा हात भिंतीवर टेकवून बाहेर पडायचा. दर वर्षी, आणि दर वर्षी आपल्याच जागी, आपल्याच हातावर. त्यामुळे जितकी वर्षं माणूस दर्यावर गेला, तितके थर त्याच्या हाताला. माणूस गेला की त्याच्या जागेवर दुसरा कुणी हात ठेवायचा नाही.

 

"ह्यो ह्यांचा," मावशी म्हणाली. नवऱ्याचा. त्याचं मधलं बोट अर्धं होतं. जाळं ओढताना दोरात सापडून गेलं होतं. भिंतीवरही ते अर्धंच होतं. सगळ्या हातांत तो एकच हात कुणालाही ओळखू आला असता.

नवऱ्याचा फोटो तिच्या घरात आहे. हार घातलेला, दिवा लावलेला. माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी काढलेला, त्यामुळे मी तो नीट पाहिला. माणसाला कुणाचा तरी कोट घातलाय, केस चप्प बसवलेत, रंग उजळलाय. उजवा हात कोटाच्या खिशात. घरी फोटो बघताना मावशी म्हणाली होती, "ह्यो कोन हाय मना ठावं नाय. सगल्यांनी सांगितलं म्हनून हार घालतंय." आता तिने भिंतीकडे बोट केलं. "माजा घो तो. तो तिथं हाय. त्याचा फोटो काढ, आनि हाय तेवराच काढ. लान नको, मोटा नको."

 हाताच्या मापाचा फोटो म्हणजे भिंत अगदी समोरून, सरळ, भरपूर उजेडात घ्यायला हवी. मी मुलाला सांगितलं की पुढच्या सोमवारपर्यंत एवढं सामान बाहेर काढून ठेवा. तो म्हणाला, "ताई, टेन्शन नको. एकदम रेडी करून ठेवतो."

त्या सोमवारी मी तिकाटणं, दिवे, मोठी लेन्स सगळं घेऊन गेले. मुलगा गल्लीच्या तोंडाशी घ्यायला आला होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, चेहऱ्यावर हसू. मला वाटलं, याला फोटोत यायचंय. वाटेने तो सांगत होता की काल रविवार, आई दिवसभर बाजारात, तेव्हा आम्ही दोघा-चौघांनी मिळून सगळं काम उरकलं, आईला सरप्राइज. आईने अजून बघितलं नाही, दोघी एकदमच बघा. मावशी दारात उभीच होती. त्याने सालघराचं दार ढकललं.

आत पांढरंफटक होतं.

सामान तर काढलं होतंच. जमीन धुतली होती, चुलाणाला गेरू लावला होता, काहील घासली होती. आणि चारही भिंतींना चुना. दोन हात मारलेला. दसऱ्याला, नारळी पौर्णिमेला घराला आणि होडीला रंग काढतात, तसा. सालघराचा फोटो निघणार म्हणून त्यांनी सालघराला नटवलं होतं.

मी भांडखोर बाई आहे. माझ्या जिभेवर जे जे आलं ते मी कसं गिळलं ते माझं मलाच माहीत. कारण मुलाचं तोंड मी पाहिलं. त्याला आईच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. "आई, फोटोला चांगलं दिसावं म्हनून..." इतकंच तो म्हणाला आणि कोपऱ्यातला खराटा घेऊन भिंतीकडे धावला. मी त्याच्या हाताला धरलं. चुना खरवडला असता तर खालचा गिलावाही आला असता, आणि गिलाव्याबरोबर हात.

मावशी ओरडेल असं मला वाटलं. बाजारात एक बोंबील कमी-जास्त झाला तर आभाळ डोक्यावर घेणारी बाई ती. ती नुसती पांढऱ्या भिंतीसमोर गेली, एका जागी थांबली, मग जरा डावीकडे सरकली, परत उजवीकडे. तिला जागा सापडत नव्हती. ते बघवेना म्हणून मी बाहेर समुद्राकडे तोंड करून उभी राहिले.

दसऱ्याला दोन आठवडेही नव्हते. मी घरी आले ती कॅमेरा कपाटात ठेवून बसले. त्या भिंतीचे माझ्याकडे नाही म्हणायला दोन फोटो होते, हात पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी अंधारात मोबाइलवर घेतलेले, तेही तिरपे. त्यात नवऱ्याचा हात अर्धा जाळ्याखाली गेला होता. मी ते मोठे करून पाहिले, उजळून पाहिले. हाताच्या जागी नुसते ठिपके. स्टुडिओत एक मुलगी आरशासमोर गालाला पावडर लावत होती. मी तिच्यावर इतकी खेकसले की तिच्या आईने फोटो न काढताच तिला नेलं.

मग परतीचा पाऊस आला. दोन दिवस दुपार झाली की काळोख, गडगडाट आणि धो धो पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन. "ताई, या. कॅमेरा घेऊन या. मी काय बोलत नाय, तुम्ही या फक्त." आवाज असा की मी शटर ओढलं आणि टॅक्सी केली.

सालघराची कौलं जुनी. पावसाचं पाणी ठिकठिकाणी आत उतरलं होतं आणि उजव्या भिंतीवरून ओघळलं होतं. चुना ओला होऊन राखाडी पडला होता. आणि त्या ओल्या चुन्यातून हात वर येत होते.

दुसरा शब्द मला सापडत नाही. वर येत होते. आधी चहाचा डाग पडावा तसे फिके गोळे, त्यांच्याशेजारी ज्यांना बोटं फुटली होती असे, आणि जिथे पाणी सगळ्यात जास्त मुरलं होतं तिथे पूर्ण पंजे, गडद, पहिल्यापेक्षा कितीतरी गडद. ऐनाच्या सालीचा रंग चुन्याखाली दबला नाही. ओलावा मिळाला तसा तो चुन्यातच चढला. आणि हे हात मी पाहिलेले तेवढेच नव्हते. पूर्वी धुराने आणि मळाने झाकलेले, कुणालाच माहीत नसलेले हात वर येत होते. दारापासून पार काहिलीच्या मागेपर्यंत. एकावर एक, एकात एक, सगळी भिंत भरून. वाडीतली माणसं दारात गोळा झाली होती. एका म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली. मी कॅमेरा गळ्यात घेऊन तशीच उभी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पुसायचंही सुचत नाही. जन्मभर मी फोटो धुतले. अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, पाण्यात बुडवलेल्या कोऱ्या कागदावर माणूस उमटताना हजार वेळा बघितलाय. पण कुणाचा हात न लागता, नुसत्या पावसाने एवढी भिंत उमटलेली मी बघेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मावशी मात्र बघत नव्हती. ती शोधत होती.

नवऱ्याच्या हाताच्या जागी भिंत कोरी होती. वरची तेवढी कौलं शाबूत, त्यामुळे पाणी तिथे पोचलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांचे हात आले होते, मध्ये कोरडा पांढरा चुना. मुलगा म्हणाला, "आई, येईल." ती म्हणाली, "गप ऱ्हा." आणि बाहेर जाऊन तिने दाराशी तुंबलेल्या पावसाच्या पाण्यात पदर बुडवला. पिळला नाही. तसाच ओथंबलेला पदर आणून तिने भिंतीच्या त्या कोऱ्या जागेवर धरला. दोन्ही हातांनी, तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवावी तसा.

आम्ही वाट बघत राहिलो. पदर सुकत आला की ती पुन्हा भिजवून आणायची. मुलाने बादली आणून दिली तर तिने पायाने बाजूला सारली. मी तिच्या बाजूला जमिनीवर बसले. लोक आले, गेले, जेवून परत आले. कुणीतरी आम्हाला चहा दिला. मी मनात म्हणत होते, ये रे बाबा. माझा देवावर फार भरवसा नाही, पण त्या दिवशी मी एका मेलेल्या कोळ्याच्या हाताला विनवलं.

दुपार कलली तेव्हा तिने पदर काढला आणि तो तिथे होता. आधी तळवा. मग अंगठा, करंगळी. मग दोन बोटं, आणि त्यांच्या मध्ये ते अर्धं. सगळ्यात शेवटी उमटलं ते. मावशी हुंदका देऊन हसली. "आयलं," ती म्हणाली. "आयलं माजं मानूस."

मी फोटो काढले. पासपोर्ट फोटो कापायची माझी स्टीलची पट्टी हाताच्या बाजूला टेकवून ठेवली, म्हणजे माप चुकायला नको. कॅमेरा समोर, भिंतीशी काटकोनात, उजेड दारातून येईल तेवढाच. एकाही दिव्याचं बटण मी दाबलं नाही. मावशीला म्हटलं, शेजारी उभी राहा, तुझाही घेते. ती म्हणाली, "माजा कशाला? मी हाय की." मग मी भिंतीचा टप्प्याटप्प्याने, दारापासून काहिलीपर्यंत, सगळा फोटो घेतला. ओल सुकली तसे काही हात पुन्हा फिकट होत गेले. नवऱ्याचा राहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सालघर पाडलं. तिथे वाडीचं शीतगृह व्हायचंय आणि ते त्यांना हवंच आहे. मीही त्यावर कुरकुर केली नाही. त्या दिवशी मावशी नेहमीसारखी बाजारात होती. मी गेले तर मला पापलेट हवं असताना तिने सुरमई दिली.

प्रिंट मी लालबागच्या एका माणसाकडून काढून घेतला. तो गणपतीचे बॅनर छापतो, त्याच्याकडे मोठं मशीन आहे. त्याने फाइल उघडली आणि म्हणाला, "मॅडम, थोडा ब्राइट करू का? आणि हे भिंतीवरचे डाग काढतो, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "अरे बाबा, डागच छापायचेत. बाकी काही नाही आलं तरी चालेल." त्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, पण छापला सुरेख. जाड, खरबरीत कागदावर, चुन्याच्या रंगासकट. मी पट्टी लावून मापलं. तसूभर फरक नव्हता.

त्याला शोभेल अशी फ्रेम मी स्वतः निवडली. सागवानी, वर चांगल्यातली काच, जिच्यात समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही. खाऱ्या हवेत कागद टिकायचा तर काच हवीच. सोमवारी दोन्ही वस्तू वेगवेगळ्या गुंडाळून मी मावशीकडे नेल्या. आधी प्रिंट उघडला. तिने तो दाराच्या उजेडात धरून पाहिला. मग मुलाला हाक मारून तो भिंतीवर लावायला लावला. कोटातल्या फोटोच्या शेजारी नाही. बाहेरच्या दारालगत, उजव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर. मुलाने चार कोपऱ्यांना चार चुका ठोकल्या.

"थांब, फ्रेम आणलीय," मी म्हटलं. "काच घालून लावू. असा उघडा ठेवलास तर महिन्याभरात खराब होईल बघ."

मावशीने फ्रेम हातात घेतली, काचेवरून बोट फिरवलं आणि मला परत दिली.

"ते दर्याव असले ना," ती म्हणाली, "का मी रोज सालघरान जायची. बायकांनी भितीला हात लावायचा नसतो. कोन नसलं का जायची नि त्यांच्या हातावर हात ठेवायची. ते येयपर्यंत. मग ते गेले, तरी जात होती, जाल्यामागं हात घालून. गेल्या महिन्यापर्यंत जात होती." तिने ओल्या हाताचं पाणी पदराला पुसलं आणि तळवा कागदावर टेकवला. बोट बोटावर बसलं. मधलं तिचं बोट त्या अर्ध्या बोटाच्या वर जाऊन कोऱ्या चुन्यावर टेकलं.

"काच लावलीस तं," ती म्हणाली, "मी हात कुटं ठेवू गो बाय?"

मी फ्रेम पिशवीत घातली.